पारूआत्याचे परतीचे दिवस

मे महिना लागला की वडील आम्हा दोघांना घरातून पिटाळायचे. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, दुकानाच्या मागेच घर. लग्नसराई संपते न संपते तोच शाळेच्या कपड्यांची घाई सुरू व्हायची आणि मग घरभर खाकी नि पांढऱ्या कापडाचे तुकडे. आई काजं करत बसायची, वडिलांचा पाय मशीनवरून निघायचा नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ वसंत तिथे नुसती अडचण. मग एका सकाळी एस.टी.त बसवून आमची रवानगी पोलादपूरला व्हायची. तिथे उतरलं की महाबळेश्वरच्या रस्त्यानं चालत कापड्याला, पारूआत्याकडे.

पारूआत्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत, पाऊल टाकलं की जमीन दबावी अशी. आतोबा लवकर गेले होते. शेती ती एका गड्याला हाताशी धरून स्वतः करायची. तिचा एकुलता मुलगा गणपत मुंबईला एका कँटीनमध्ये होता, गणपतीला यायचा, चार दिवस राहून जायचा. उन्हाळ्यात तो कधी आलेला मला आठवत नाही. त्याचं कारण फार उशिरा कळलं.

आत्या लाड करणारी नव्हती. जवळ घेणं, गालावरून हात फिरवणं तिला जमायचंच नाही. गेल्या गेल्या ती आमच्याकडे नीट बघायची, म्हणायची, "वाळलाव रे," आणि पुढ्यात भाकरी नि कुळथाचं पिठलं ठेवायची. झालं स्वागत. पुढचे तीन आठवडे आम्ही कुठे आहोत, काय करतोय हे ती विचारायची नाही. नदीच्या कोंडीत डुंबा, करवंदांच्या जाळीत शिरा, रायवळ आंब्याखाली दिवसभर पडून राहा. अंगावर ओरखडे आले तर हळद दाबायची आणि कामाला लागायची. आमच्या आईला हे रानवट वाटायचं. "आक्कांकडून पोरं येतात ती कातकऱ्यांसारखी काळी होऊन," ती म्हणायची. पण पाठवायचीही तीच.

मे संपत आला की मात्र आत्या बदलायची. एका सकाळी ती चुलीजवळच्या कोनाड्यात फणसाच्या आठळ्या ओळीनं मांडायची. शाळा सुरू व्हायला जितके दिवस, तितक्या आठळ्या. बहुधा पंधरा. "हे परतीचे दिवस," ती सांगायची. रोज सकाळी त्यातली एक आठळी चुलीत भाजायची आणि आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खायची. त्यामुळे सुट्टी किती उरली हे आम्हाला कुणी सांगायला लागत नसे. ओळ रोज डोळ्यांदेखत आखूड व्हायची.

पहिल्या दिवशी ती उन्हं अंगणात आल्यावर उठवायची, दुसऱ्या दिवशी त्याच्या जरा आधी, तिसऱ्या दिवशी आणखी आधी. असं करता करता आम्ही महाडच्या शाळेच्या वेळेवर यायचो आणि आम्हाला पत्ताही लागायचा नाही. जेवण अकराच्या आत. जेवलं की फणसाखाली घोंगडी पसरून बसायचं. पहिल्या दिवशी भाताचा तोप शिजेस्तोवर, पुढे पुढे दोन तोप, तीन तोप. हातात पाटी असायची, पण लिहिलंच पाहिजे असं नव्हतं.

"काय करायचं बसून?" वसंत एकदा वैतागून म्हणाला.

"काय नाय. बसायचं."

"नुसतं?"

"शाळेत काय करतंस? बसतंसच ना? महिनाभर तुझं बूड कुठं टेकलेलं नाय. त्याला आधी शिकव. डोस्क्याचं मग बघू."

तिच्या बैलांचंही ती असंच करायची. उन्हाळाभर मोकळे राहिलेले बैल पेरणीच्या तोंडावर एकदम नांगराला जुंपलेले तिला खपायचे नाहीत. आधी चार दिवस मानेवर नुसतं जू ठेवून त्यांना शेताला फेरी घालून आणायचं. गडी कुरकुरायचा, बाकीचं गाव हसायचं. ती म्हणायची, "मानेला आठवण यायला लागते. ती आली की जनावर आपणहून चालतंय."

तिची एक सूचना वडिलांनी दुकानातसुद्धा चालवली. शाळेचे नवे कपडे पहिल्याच दिवशी घालू नयेत. आदल्या दिवशी घरी घालून पोरानं त्यात जेवावं, खेळावं, जरा मळवावेत. "नवं कापड टोचतंय. नवी शाळा टोचतेय, नवा मास्तर टोचतोय. सगळं एकाच दिवशी कशाला टोचायचं?" वडील प्रथम हसले होते. मग गिऱ्हाइकांना कपडे घडी करून देताना तेच सांगू लागले. आक्काचं नाव मात्र घेत नसत.

या परतीच्या दिवसांत प्रत्येक पोराचा एक दिवस असायचा. ज्याचा दिवस त्यानं मागायचं आणि बाकीच्यांनी ते करायचं, आत्यानंसुद्धा. एका वर्षी वसंतानं कुडपणला जायचं मागितलं. केवढा तो डोंगर. मला वाटलं, आत्या नाही म्हणणार. रोपांसाठीचा राब भाजून झालेला, बांधबंदिस्ती अर्धी राहिलेली, कामाचे दिवस. तिनं एवढंच विचारलं, "पाय दुखले म्हणून वाटेत रडशील?" तो नाही म्हणाला. भल्या सकाळी भाकऱ्या फडक्यात बांधून आम्ही निघालो. ती अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, आमच्यापेक्षा भरभर. वर सपाटीवर पोचलो तेव्हा उन्हानं आमची तोंडं लालबुंद झाली होती. एका घरी पाणी मागितलं तर त्यांनी ताक दिलं. मग कड्याजवळ बसून आम्ही भाकरी खाल्ली. खाली सगळं खोरं दिसत होतं. आत्या बराच वेळ एकाच दिशेला बघत राहिली. मी विचारलं, "काय बघतेस?"

"मुंबई कुठल्या अंगाला गो?"

मला नक्की माहीत नव्हतं. मी आपलं उत्तरेला बोट दाखवलं. तिनं तिकडे बघितलं आणि फडकं झटकून उठली.

दुसऱ्या एका वर्षी माझ्या दिवशी मी काहीच मागितलं नाही. म्हणजे मागितलं ते असं, की दिवसभर मला कुणी हाक मारायची नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. घरी आई सारखी हाक मारायची, दुकानातून वडील मारायचे, सुमन हे आण, सुमन ते दे. मला वाटलं होतं आत्याला राग येईल. तिनं मान हलवली. त्या दिवशी मी माळ्यावर पडून होते, नदीवर जाऊन बसले, परत आले. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. वसंत एकदा "सुमे" म्हणून ओरडलाच, तर आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सुमन, संपला दिवस. ये जेवायला." इतकं आदबीनं मला त्याआधी कुणी बोलावलं नव्हतं.

गणपतची हकिगत मला वडिलांनी सांगितली. मी मॅट्रिकला होते तेव्हा, मशीनला तेल घालता घालता. गणपत चौथी झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी आमच्याच घरी राहणार होता. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. उन्हाळाभर पोरगा रानात नि नदीत. शाळेच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं त्याची ट्रंक भरली. तो म्हणाला, "आये, उद्याचा एक दिवस. कोंडीत मासे आलेत. परवा जातो." ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवून, हाताला धरून महाडला आणून सोडलं. तो रडला नाही, बोलला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत गेला तो परत आलाच नाही. मालाच्या एका ट्रकात बसून मुंबईला गेला. चार महिन्यांनी कुणाच्या तरी हाती निरोप आला की जिवंत आहे, बशा धुतोय.

"तो काही शाळेवर रागावला नव्हता," वडील म्हणाले. "हुशार होता. आक्काला मात्र एकच लागलं. एक दिवस मागितलान त्यानं, एकच, नि मी दिला नाय, असं म्हणायची. पुढं तेही कधी बोलली नाही. तुम्ही जायला लागलात तेव्हा तिनं हे तुमचं दिवस-बिवस काढलंन."

कुडपणवर मी आपल्या मनानं दाखवलेलं ते बोट मला आठवत होतं.

पण आत्याची खरी कसोटी त्याच्या आधीच वसंतानं बघितली होती. तो पाचवीची परीक्षा देऊन आला होता. त्या सुट्टीत तो सुरुवातीपासून विचित्रच. कोंडीत उतरेना, दुसऱ्या पोरांत जाईना. परतीचे दिवस सुरू झाले तसा घोंगडीवरून उठून पळू लागला. त्याचा दिवस आला. आत्यानं विचारलं, "काय पायजे?"

"मला शाळेत जायचं नाही. कधीच. हेच माझं मागणं."

मी आत्याकडे बघितलं. तिच्या हातात कोयता होता, तो तिनं हळूच खाली ठेवला.

"दिवस एकच असतो रे," ती म्हणाली. "एका दिवसात मावेल ते माग."

"मग काही नको."

"बरं. मग माझ्याबरोबर चल."

तिनं त्याला खालच्या शेतात नेलं. मी पाणी घेऊन मागून गेले. दोघं जण ढासळलेला बांध रचत होती, ती दगड द्यायची, तो लावायचा. मी बांधाच्या अलीकडे बसले. कितीतरी वेळ नुसता दगडांचा आवाज. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. आणि मग वसंत आपणच बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. परीक्षेच्या आधी एकदा वर्गात त्याला बाहेर जायचं होतं. गुरुजींनी सोडलं नाही. त्यानं दोनदा हात वर केला. तिसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, "शिस्तीत बस." आणि मग जागच्या जागी झालं. सगळ्या वर्गानं बघितलं. त्या दिवसापासून पोरं त्याला 'नळ' म्हणू लागली. रस्त्यात, नदीवर, देवळात, कुठेही. घरी त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. मी त्याच शाळेत वरच्या वर्गात होते.

आत्या पुढचा दगड उचलून म्हणाली, "हा मोठा हाय. दोघांनी लावू."

कोनाड्यात तेव्हा पाच आठळ्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं तिघांचं सामान बांधलं. आभाळ भरून येत होतं, पेरणी कधीही धरावी लागली असती. गडी म्हणाला, "वयनी, आता कुठं जाता?" ती म्हणाली, "पेरणी तू बघ. जमंल तशी कर."

वडिलांनी तिला दारात बघितलं आणि मशीन थांबवलं. "आक्का, तू? या दिवसांत?"

"आले," ती म्हणाली. "मला शाळा बघायची हाय."

शाळा अजून बंद होती. शिपाई सामान लावत होता, तिनं त्याला गाठलं. काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं वसंताचा वर्ग उघडून दिला. आत धूळ, पाखरांची घाण, कोपऱ्यात बसकरांची गुंडाळी. आत्यानं झाडू मागून घेतला, एक वसंताच्या हातात दिला. आम्ही तिघांनी खोली झाडून काढली. मग तिनं विचारलं, "कुठं बसला होतास तवा?"

वसंतानं खिडकीजवळची जागा दाखवली. आत्या गेली आणि त्याच जागेवर मांडी घालून बसली. तळहातानं फरशी चाचपली.

"फरशी हाय. दगूड. तिला काय आठवत नाय," ती म्हणाली.

"पोरांना आठवेल," वसंत म्हणाला.

"पोरांना आठवंल. आठ दिस चिडवतील. मग दुसऱ्या कुणाचं तरी काय तरी होईल. तवा तू हसू नको, म्हणजे झालं."

तिनं त्याला शेजारी बसवून घेतलं. त्या रिकाम्या वर्गात ती दोघं पुष्कळ वेळ बसली होती. मी दाराशी उभी. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केलं. येताना वसंत शिपायाला "उद्या येतो" म्हणाला, इतकं ते आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

शाळा सुरू झाली त्या सकाळी आत्या फाटकाशी गेली. तेच गुरुजी, सहावीलाही तेच होते, छत्री झटकत येत होते. तिनं पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. म्हणाली, "गुरुजी, पोरानं बाहेर जायचं म्हटलं तर जाऊ द्या. एवढंच मागायला आले."

गुरुजी तसे वाईट नव्हते, नुसते कडक होते. म्हणाले, "बाई, एकाला सोडलं की दहा उठतात. वर्गाला शिस्त लागते."

"लागतेच की. हाताची घडी घालून बसवा, पाढे म्हणवून घ्या, चुकलं तर छडी मारा. पण मुताला कसली शिस्त लावताय गुरुजी?"

आजूबाजूला पालक होते. कुणीतरी तोंडाला रुमाल लावला. गुरुजी लाल झाले आणि आत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र शांतपणे समोरच्या झाडाखाली जाऊन बसली. मधल्या सुट्टीत वसंत बाहेर आला, तिच्यापर्यंत आला. डोळे भरलेले. "म्हणाले का?" तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली. "किती जण?" तो म्हणाला, "सात-आठ." "वर्गात किती हायेत?" "चाळीस." घंटा झाली. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग गेला, एकटाच. आत्या तो आत जाईपर्यंत बघत होती. मग उठली आणि सरळ एस.टी. स्टँडकडे चालू लागली. घरी निरोप घ्यायलाही आली नाही.

आठ दिवसांचा तिचा अंदाज चुकला. पोरांनी वसंताला पार गणपतीपर्यंत चिडवलं. पण गुरुजींनी त्या वर्षी बाहेर जायला कुणालाच अडवलं नाही. आणि पुढे केव्हातरी दुसऱ्या एका मुलाला वर्गात उलटी झाली, सगळे हसले, तेव्हा वसंत उठून पाणी आणायला गेला. हे त्यानं मला खूप वर्षांनी सांगितलं, पोस्टात नोकरीला लागल्यावर.

त्या जूनमध्ये आत्या महाडला होती तेव्हाच तिकडे पाऊस धरला होता. गड्यानं पेरणी अर्धवट केली, बी वाहून गेलं. तिला दुसऱ्याकडून रोप मागून लावणी करावी लागली. तिनं ते आम्हाला कळू दिलं नाही. दिवाळीला गेलो तेव्हा गडी बोलून गेला. वडिलांनी विषय काढला, तर ती म्हणाली, "भात दरसाल येतंय. पोरगं एकदाच जातंय." आणि उठून गोठ्यात गेली.

पुढे मी शिक्षिका झाले. पहिली नेमणूक पोलादपूरजवळच्या एका वाडीवर, एका खोलीची शाळा, चार इयत्ता एकत्र. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी दारात सावली पडली. आत्या. कुणाच्या तरी कामाला या बाजूला आली होती म्हणे. आता कमरेत वाकली होती, हातात काठी आली होती. मुलांना वाटलं कुणाची आजी न्यायला आली. मी खुर्ची पुढे केली, ती घेईना. मुलांच्या मागे, भिंतीला टेकून खाली बसली.

"चालू दे तुझं," म्हणाली.

मला शिकवताना इतका घाम कधी फुटला नव्हता. दुसरीला वजाबाकी देत होते, पहिली अक्षरं गिरवत होती. मध्ये बघितलं तर आत्याचे डोळे मिटलेले. मुलं खुसखुसली. एका मुलीनं बाहेर जायचं म्हणून बोट वर केलं, मी मान हलवली. फळ्यावर पुढची उदाहरणं लिहून वळले, तर भिंतीजवळची जागा रिकामी होती.

मी दारात गेले. पाऊस थांबला होता. शेतांत लावणी चालली होती, बायका ओळीनं वाकलेल्या. आत्या बांधावरून चालली होती, वहाणा हातात घेतलेल्या. एका शेताशी ती थांबली. बायकांशी काही बोलली, त्या हसल्या. मग तिनं काठी नि वहाणा बांधावर ठेवल्या, लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. एकीच्या हातातून रोपांची मूठ घेतली. त्या ओळीत शिरून तिनं तेवढी मूठ लावून संपवली, सावकाश, एकेक रोप. हात पाण्यात खळबळले. पुन्हा बांधावर आली, काठी घेतली आणि पुढच्या वळणावर करवंदीच्या जाळीआड गेली.

त्यानंतर मला ती पुन्हा कधी दिसली नाही.